स्पॅम फिल्टर मधेच डुलकी काढतो तेव्हा नेमकं कुठे बघायचं

फिल्टर पूर्णच बंद पडला असता तर बरं झालं असतं असं वाटायला लावणारा हा प्रॉब्लेम आहे. बंद पडला की इनबॉक्स तुंबतो, दहा मिनिटात कळतं, रीस्टार्ट मारला की विषय संपला. पण इथे काय होतं, पन्नास फालतू मेल आले त्यातले सत्तेचाळीस बरोब्बर जंकमधे गेले आणि तीन मात्र थाटात इनबॉक्समधे येऊन बसले, आणि ते तीन बाकीच्यांपेक्षा काही वेगळे दिसत पण नाहीत. मग आपण फिल्टरला शिव्या घालतो आणि सेटिंग हलवायला लागतो.

मी पण तेच केलं होतं. एका छोट्या टीमचा मेल सर्व्हर माझ्या गळ्यात पडलेला, स्पॅमअसॅसिन (फुकट मिळणारा स्पॅम फिल्टर) लावलेला, रोज दोनचार मेल निसटायचे. स्पॅमअसॅसिनचा डीफॉल्ट असा असतो की टेस्ट्सवरून मेलला मिळालेला स्कोर ५ किंवा जास्त झाला की स्पॅम. मी म्हटलं फिल्टर ढिला आहे, आकडा ३ करून टाकला. दुसऱ्या दिवशी दोन जणांची खरी, कामाची मेल जंकमधे गेली, बोलणी खाल्ली ती वेगळीच, आणि निसटणारे मेल निसटतच राहिले. निसटणारच की, कारण त्या मेलना फिल्टरने हातच लावलेला नव्हता, मग आकडा ५ ठेवा नाहीतर १ ठेवा काय फरक पडतो. हे कळायला मला अख्खा आठवडा लागला, तुमचा तो वाचावा म्हणून हे लिहितोय.

लिहिताना उदाहरणं बहुतेक स्पॅमअसॅसिन आणि पोस्टफिक्स (मेल आत घेणारा सर्व्हर प्रोग्रॅम) ह्यांची देणार आहे कारण माझा हात त्याच्यावर बसलाय. आरस्पॅमडी किंवा दुसरं काही असेल तरी शोधायची पद्धत तीच, नावं बदलतील. आणि सगळी नावं मी मराठीत टाईप करतोय, कॉन्फिग फाईलमधे अर्थातच इंग्रजीत जातील.

सर्व्हर तुमचा नसेल तर आधी हे उरका

जीमेल, आउटलुक वगैरे वापरत असाल तर फिल्टरच्या पोटात तुम्हाला शिरता येत नाही, पण बऱ्याचदा फिल्टरला आपणच कधीतरी "ह्याला सोड" सांगून ठेवलेलं असतं आणि नंतर विसरलेलो असतो. जीमेलमधे सेटिंग्जमधे जाऊन फिल्टर्सची यादी उघडा आणि ज्या फिल्टरवर "नेव्हर सेंड इट टू स्पॅम" टिक आहे ते एकेक वाचा. एखाद्याने एका महत्त्वाच्या मेलसाठी "इनव्हॉइस" ह्या शब्दावर असा फिल्टर बनवलेला असतो, आणि मग जगातला प्रत्येक भामटा इनव्हॉइस लिहूनच मेल पाठवतो. आउटलुकमधे जंक ऑप्शन्समधे सेफ सेंडर्सची यादी बघा, तिथेच कॉन्टॅक्ट्समधल्या लोकांवर विश्वास ठेवायचा चेकबॉक्स पण असतो, त्यामुळे चुकून एखादा स्पॅमवाला ॲड्रेस बुकमधे शिरला असेल तर त्याला मोकळं रान. थंडरबर्डमधे पण ॲड्रेस बुकवाल्यांना जंक न म्हणायची सेटिंग आहे, आणि त्याचा स्वतःचा जंक फिल्टर तुमच्या कॉम्प्युटरवर चालतो, म्हणजे कॉम्प्युटर बंद असताना फोनवर तुम्ही जो इनबॉक्स बघता तो त्याने गाळलेला नसतो. "रात्रीच स्पॅम येतो, सकाळी ऑफिसला गेलं की गायब होतो" ही तक्रार मी ऐकलीय, तिच्यामागे एवढंच निघालं.

एवढं करून पण निसटत असेल तर प्रत्येक वेळी "रिपोर्ट स्पॅम" दाबा, नुसतं डिलीट नको, डिलीटमधून फिल्टरला काहीच कळत नाही. तुमचा भाग इथे संपला, पुढचं सर्व्हरवाल्यांसाठी, पण हेडर (मेलच्या वर असलेल्या तांत्रिक माहितीच्या ओळी) वाचायचा भाग सगळ्यांनीच वाचा.

पायरी १: निसटलेला मेल जसाच्या तसा पकडा

कमीत कमी तीनचार निसटलेले मेल जमवा. आणि टीममधल्या लोकांना आधीच सांगून ठेवा की मला फॉरवर्ड करू नका. फॉरवर्ड केला की मूळ हेडर जातात आणि नवीन लागतात, म्हणजे पुरावाच धुऊन टाकला. मेल एका वेगळ्या फोल्डरमधे हलवायला सांगा, किंवा अटॅचमेंट म्हणून फॉरवर्ड करायचा ऑप्शन असतो तो वापरायला सांगा.

मग त्याचा सोर्स उघडा. जीमेलमधे "शो ओरिजिनल", थंडरबर्डमधे कंट्रोल यू, डेस्कटॉपच्या जुन्या आउटलुकमधे मेल उघडून प्रॉपर्टीजमधे इंटरनेट हेडर्सचा डबा असतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते भेंडोळं बघून घाम फुटतो, पण आपल्याला त्यातल्या दोन प्रकारच्याच ओळी हव्यात.

पहिली म्हणजे "एक्स-स्पॅम-स्टेटस", फिल्टर आपला निकाल इथे लिहितो. दुसरी म्हणजे "रिसीव्ड", ह्या एकापेक्षा जास्त असतात. मेल ज्या ज्या सर्व्हरवरून जातो तो प्रत्येक जण आपला एक "रिसीव्ड" वर चिकटवतो, म्हणून वाचायच्या खालून वर. सगळ्यात वरची तुमच्या सर्व्हरची, ती खरी. खालच्या स्पॅमवाल्याने स्वतः बनवून घातलेल्या असू शकतात, त्यांच्यावर फार विसंबू नका.

पायरी २: तीनपैकी कुठला प्रकार आहे ते ठरवा

हे ठरवल्याशिवाय एकाही सेटिंगला हात लावू नका, प्लीज.

एक, एक्स-स्पॅमची एकही ओळ नाही. मेल तपासलाच गेला नाही, निदान तसं दिसतंय.

दोन, ओळ आहे, "नो" लिहिलंय आणि स्कोर कमी आहे. तपासला, पण पास केला.

तीन, ओळ आहे, "येस" लिहिलंय, आणि तरी मेल इनबॉक्समधे. फिल्टरने काम चोख केलं, पुढच्याने ऐकलं नाही.

लोकं तिन्हीला "फिल्टर मेल स्किप करतो" हेच म्हणतात, आणि तिन्हीची कारणं एकमेकांपासून कोसभर लांब आहेत.

दोन फसवे प्रकार इथेच सांगून टाकतो. तुम्ही अमाव्हिस (मेल सर्व्हर आणि स्पॅमअसॅसिनच्या मधे बसणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर त्यात टॅग लेव्हल नावाचा एक आकडा असतो, स्कोर त्याच्या खाली असेल तर अमाव्हिस हेडर लावतच नाही. म्हणजे मेल तपासलेला आहे, स्कोर १.४ आलाय, पण हेडर नाही, आणि आपण समजतो की स्किप झाला. शोधाशोध चालू असेपर्यंत तो आकडा उणे ९९९ करून ठेवा, मग प्रत्येक तपासलेल्या मेलवर हेडर येईल. आणि अमाव्हिस हेडर फक्त तुमच्या स्वतःच्या डोमेनच्या मेलना लावतो, तेव्हा नवीन डोमेन जोडलं असेल तर ते त्याच्या लोकल डोमेनच्या यादीत टाकलंय का बघा, हे विसरायला फार सोपं आहे.

दुसरा फसवा प्रकार उलटा. स्पॅमवाले स्वतःच मेलमधे खोटं "एक्स-स्पॅम-स्टेटस: नो" घालून पाठवतात. स्पॅमअसॅसिन तपासताना आधीचे एक्स-स्पॅम हेडर काढून स्वतःचे लावतो, त्यामुळे एरवी हे खपत नाही, पण मेल तपासलाच गेला नसेल तर ते खोटं हेडर तसंच राहतं आणि आपण प्रकार दोन समजून चुकीच्या दिशेला पळतो. ओळखायचं कसं, तर "एक्स-स्पॅम-चेकर-व्हर्जन" मधे सर्व्हरचं नाव असतं, ते तुमच्याच मशीनचं आहे ना एवढं बघायचं.

पायरी ३: तपासलाच नाही तर का

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा, कारण "कधीकधी" ह्या शब्दाचं उत्तर बहुतेक इथेच मिळतं.

साईज. स्पॅमअसॅसिनकडे मेल नेऊन देणारा जो छोटा प्रोग्रॅम आहे, स्पॅमसी, त्याची डीफॉल्ट मर्यादा ५०० केबी आहे. त्यापेक्षा मोठा मेल तो पुढे देतच नाही, आला तसा परत करतो, बोंब न मारता. आता पोस्टफिक्स डीफॉल्टने १,०२,४०,००० बाइटपर्यंतचे मेल आत घेतो, म्हणजे साधारण १० एमबी. मधे केवढी फट राहिली बघा. आणि मेलमधे चित्र किंवा पीडीएफ जाताना ते बेस६४ मधे बदललं जातं, तीन बाइटचे चार होतात, त्यामुळे ३८० केबीचा एक फोटो टाकला की मेल मर्यादेच्या बाहेर. स्पॅमवाल्यांनाही हे माहितीय. निसटलेल्या मेलच्या साईज एका कागदावर लिहा, सगळे ५०० केबीच्या वरचे असतील तर चोर सापडला. स्पॅमसीला डॅश एस देऊन मर्यादा वाढवा, पण एकदम १० एमबी करू नका, मोठा मेल तपासायला वेळ लागतो आणि मग खाली सांगतो तो दुसरा घोळ सुरू होतो. मी १ एमबीपासून सुरुवात केली होती. प्रोकमेल (आलेला मेल फोल्डरमधे वाटणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर त्याच्या रेसिपीत, म्हणजे रूलमधे, पण साईजची अट असते, जुन्या उदाहरणांमधे २,५६,००० बाइट लिहिलेलं असायचं आणि ते कॉपी होत होत आजपर्यंत आलंय. तेव्हा दोन्हीकडे बघा, एकीकडे वाढवून उपयोग नाही.

गर्दी. माझा आठवडा खाल्ला तो हा. निसटलेल्या मेलच्या वेळा मी शेवटी एका खाली एक लिहिल्या, ९:०२, ९:०४, ९:०३, १४:००, ९:०१. साईज सगळ्यांच्या बारीक, १० ते २० केबी. नऊ वाजता काय होतं? तर सगळ्या न्यूजलेटरवाल्यांचे मेल एकदम येऊन आदळतात. लॉगमधे नऊच्या आसपास बघितलं तर स्पॅमडी (स्पॅमअसॅसिनचा मागे सतत चालणारा, खरी तपासणी करणारा भाग) स्वतःच ओरडत होता, "सर्व्हर रीच्ड मॅक्स-चिल्ड्रन सेटिंग, कन्सिडर रेझिंग इट". ओरडत होता महिनाभर, लॉग वाचतंय कोण.

होतं काय ते समजून घ्या. स्पॅमडी एका वेळी किती मेल तपासणार हे त्याच्या चिल्ड्रनवर, म्हणजे हाताखालच्या प्रोसेसवर ठरतं, डीफॉल्ट जास्तीत जास्त ५. पाचही जण कामात असले की सहावा मेल थांबतो. स्पॅमसी वाट बघतो, काही वेळा प्रयत्न करतो, आणि नाहीच जमलं किंवा स्पॅमडी मधेच पडला तर मेल हरवू नये म्हणून न तपासता तसाच पुढे सोडतो. ह्याला सेफ फॉलबॅक म्हणतात. विचार चांगलाच आहे, मेल हरवण्यापेक्षा स्पॅम आलेला परवडला, पण आपल्याला पत्ता लागत नाही ना. स्पॅमसीला डॅश एक्स दिलं की तो असं सोडत नाही, एरर देतो, मग मेल सर्व्हरच्या रांगेत थांबतो आणि थोड्या वेळाने परत प्रयत्न होतो. मी चिल्ड्रन ५ चे ८ केले आणि डॅश एक्स लावलं. चिल्ड्रन वाढवताना मेमरीकडे लक्ष ठेवा, प्रत्येक जण आपला आपला हिस्सा खातो, आणि मेमरी संपून मशीन स्वॅपमधे, म्हणजे डिस्कवर गेलं की प्रत्येक मेलला दुप्पट तिप्पट वेळ लागतो, म्हणजे रोगापेक्षा औषध जड.

मिल्टरने (मेल आत येतानाच फिल्टरला विचारायची सोय) जोडलेला फिल्टर असेल तर ह्याच जातीची सेटिंग पोस्टफिक्समधे आहे, "मिल्टर डीफॉल्ट ॲक्शन". फिल्टर उत्तर देत नसेल तर काय करायचं ते ती ठरवते. मुळात ती टेम्पफेल असते, म्हणजे पाठवणाऱ्याला सांगायचं की नंतर ये. पण नेटवर मिळणाऱ्या कितीतरी सेटअपमधे ती ॲक्सेप्ट केलेली असते, आणि आपण ते उचलून चिकटवतो. ॲक्सेप्ट म्हणजे फिल्टर रीस्टार्ट होत असतानाची ती वीस सेकंद दार सताड उघडं. रोज रात्री रूल अपडेट होऊन फिल्टर रीस्टार्ट होत असेल, तर निसटलेल्या मेलच्या वेळा त्या रीस्टार्टच्या वेळेशी जुळवून बघा. टेम्पफेल ठेवायला लोकं उगाच घाबरतात, नीट चालवलेला सर्व्हर मेल ठेवून घेतो आणि परत प्रयत्न करतो, पोस्टफिक्स स्वतः डीफॉल्टने ५ दिवस करत राहतो.

मागचं दार. डोमेनला दोन एमएक्स (मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायचा ते सांगणारी डीएनएसमधली नोंद) आहेत का बघा. प्राधान्याचा आकडा जेवढा लहान तेवढा तो पहिला, खरे सर्व्हर आधी तिकडे जातात. स्पॅमवाले मुद्दाम मोठ्या आकड्याच्या, म्हणजे बॅकअप सर्व्हरकडे जातात कारण तिथे फिल्टर कमी असतो किंवा नसतोच, आणि बॅकअपकडून आलेला मेल मुख्य सर्व्हर आपल्याच घरचा समजून आत घेतो. इथे ती "रिसीव्ड" ओळ कामाला येते. निसटलेल्या चारही मेलमधे तुमच्या सर्व्हरच्या आधी बॅकअपचं नाव दिसत असेल तर आता काही शोधायचं राहिलं नाही. बॅकअपवर तेवढाच कडक फिल्टर लावा, आणि खरंच गरज नसेल तर तो काढूनच टाका, पाठवणारे सर्व्हर मेल ठेवून परत पाठवतातच हे आत्ताच वर बघितलं.

मागची दारं अजूनही असतात. वेबसाईटच्या कॉन्टॅक्ट फॉर्मवरून येणारा मेल त्याच मशीनवर तयार होतो, तो बाहेरून एसएमटीपीने (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ती पद्धत) येत नाही, त्यामुळे पोस्टफिक्समधे एसएमटीपीडी मिल्टर्स लावलेले असले तरी त्याला लागू होत नाहीत, त्याच्यासाठी नॉन-एसएमटीपीडी मिल्टर्स वेगळी सेटिंग आहे. तसंच दुसऱ्या अकाउंटवरून ओढून आणलेला मेल, जुना एलियस (त्याच इनबॉक्सचा दुसरा पत्ता), थेट फोल्डरमधे पडणारा ग्रुप ॲड्रेस. मेल आत यायचे सगळे रस्ते कागदावर काढा, मी काढले तेव्हा मला वाटलं होतं दोन आहेत, निघाले पाच.

मधेच एक टेस्ट

रस्ते काढले की प्रत्येक रस्त्याने एक टेस्ट मेल पाठवायचा. त्यासाठी जीट्यूब नावाची एक ठरलेली ओळ आहे, ६८ अक्षरांची, स्पॅमअसॅसिनच्या साईटवर मिळते, जशीच्या तशी मेलमधे पेस्ट करायची, मधे स्पेस नाही, ओळ तुटू द्यायची नाही. ही दिसली की स्पॅमअसॅसिन थेट १००० स्कोर देतो. बाहेरच्या अकाउंटवरून मुख्य ॲड्रेसला पाठवा, एलियसला पाठवा, कॉन्टॅक्ट फॉर्ममधे टाका, बॅकअपला थेट कनेक्ट होऊन पाठवा. ज्या रस्त्याने हा मेल इनबॉक्समधे सुखरूप पोचला तो रस्ता उघडा आहे. काही मोठे मेलवाले ती ओळ बघून मेल पाठवूच देत नाहीत, मग दुसऱ्या अकाउंटवरून बघा. आणि नऊच्या गर्दीसारखा प्रॉब्लेम असेल तर दुपारी पाठवलेली टेस्ट पास होणार आणि तुम्ही खूश होऊन झोपणार, तेव्हा ज्या वेळेला मेल निसटतात त्याच वेळेला टेस्ट करा.

पायरी ४: तपासला, पण स्कोर कमी

इथे "एक्स-स्पॅम-स्टेटस" मधली टेस्ट्सची यादी वाचायची. माझ्याकडच्या एका मेलमधे असं होतं: "नो, स्कोर=०.८ रिक्वायर्ड=५.० टेस्ट्स=बेज_५०, एचटीएमएल_मेसेज, यूआरआयबीएल_ब्लॉक्ड". दिसायला साधी ओळ, पण दोन रोग आहेत ह्यात.

"यूआरआयबीएल_ब्लॉक्ड" वाचून वाटतं वा, काहीतरी ब्लॉक केलं. ब्लॉक आपल्यालाच केलंय. फिल्टर डीएनएसवरून (नावावरून पत्ता शोधायची इंटरनेटची सोय) ब्लॉकलिस्टना विचारतो की हा आयपी, ही लिंक बदनाम आहे का. ह्या लिस्ट फुकट वापरायला मर्यादा असते, आणि तुमचा सर्व्हर ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसवरून विचारत असेल तर त्याच नावाने जगभरातले सर्व्हर विचारतायत, मर्यादा कधीच संपलेली असते. मग उत्तरच येत नाही आणि त्या टेस्टचे मार्क मिळत नाहीत. स्पॅमहाउस ही ब्लॉकलिस्ट तर अशा वेळी १२७.२५५.२५५.२५४ असं खास उत्तर देतं, म्हणजे "सार्वजनिक रिझॉल्व्हरवरून विचारू नका". उपाय म्हणजे सर्व्हरवर स्वतःचा रिझॉल्व्हर (डीएनएसची उत्तरं शोधून आणणारा प्रोग्रॅम), उदाहरणार्थ अनबाउंड, आणि त्यात फॉरवर्डर, म्हणजे प्रश्न दुसऱ्याकडे ढकलायची सेटिंग, लावायचा नाही. फॉरवर्डर लावून परत ८.८.८.८ कडेच पाठवणारे मी बघितलेत, मग अनबाउंड लावला कशाला. झालं की तपासून घ्या: १२७.०.०.२ हा आयपी टेस्टसाठी कायम लिस्टमधे ठेवलेला असतो, त्याचे आकडे उलटे करून स्पॅमहाउसच्या झेन ह्या एकत्र यादीला विचारा, १२७.०.०.२ किंवा त्याच्या आसपासची उत्तरं आली की जमलं.

दुसरा रोग "बेज_५०". म्हणजे आपण दाखवलेल्या मेलवरून शिकणारा फिल्टरचा भाग म्हणतोय मला काही सांगता येत नाही, फिफ्टी फिफ्टी. बेज नावाचं काहीच यादीत नसेल तर तो चालूच झालेला नाही, कारण कमीत कमी २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकल्याशिवाय तो तोंड उघडत नाही. लोकं स्पॅम शिकवतात आणि चांगले शिकवायचे विसरतात. अजून एक गंमत, शिकवता एका युजरने आणि फिल्टर चालतो दुसऱ्या युजरने, दोघांचे डेटाबेस वेगळे. मी रूट म्हणून लॉगिन करून इमानेइतबारे शिकवत होतो, फिल्टरच्या युजरने एसए-लर्नला (शिकवायची कमांड) डम्प मॅजिक, म्हणजे डेटाबेसचा गोषवारा, मागितलं तेव्हा एनस्पॅम (शिकलेल्या स्पॅमची संख्या) समोर शून्य. सगळी शिकवणी भलत्याच मुलाला चालली होती. आणि स्पॅमवर "बेज_००" दिसत असेल तर उलटं शिकवलं गेलंय, त्याचे तर उणे १.९ मिळतात, ते मेल शोधून परत स्पॅम म्हणून शिकवा.

स्कोर उणे ९० च्या आसपास दिसला तर कोणीतरी व्हाइटलिस्ट केलंय, म्हणजे त्या पाठवणाऱ्याला कायम सोडायला सांगितलंय, त्याचे उणे १०० मिळतात. ह्यातली सगळ्यात लोकप्रिय चूक म्हणजे स्वतःचंच डोमेन व्हाइटलिस्ट करणं, "आपल्याच लोकांचे मेल अडकायला नकोत" म्हणून. फ्रॉममधे काय लिहायचं ते पाठवणाऱ्याच्या हातात असतं, त्यामुळे भामटा तुमच्याच ॲड्रेसवरून तुम्हाला मेल पाठवतो आणि लाल गालिच्यावरून आत येतो. ती ओळ काढा. कोणाला सोडायचंच असेल तर एसपीएफ किंवा डीकेआयएम (पाठवणारा खरंच त्या डोमेनचा आहे का ह्याची तपासणी) पास झालं तरच सोडणारी व्हाइटलिस्ट ऑथ नावाची सेटिंग आहे, ४.० पासून तिला वेलकमलिस्ट म्हणतात.

यादीत "ऑल_ट्रस्टेड" दिसत असेल आणि मेल बाहेरचा असेल तर ट्रस्टेड नेटवर्क्समधे (विश्वासातल्या सर्व्हरची यादी) नको तो आयपी घातलाय, बहुतेक वेळा पुढे बसवलेला प्रॉक्सी. आणि एसए-अपडेट (नवीन रूल आणणारी कमांड) शेवटचं कधी चाललं तेही बघा, चाललं तरी नंतर स्पॅमडी रीस्टार्ट झाला नसेल तर तो जुन्याच रूलवर बसलेला असतो.

पायरी ५: "येस" लिहिलंय तरी इनबॉक्समधे

हे सोपं आहे. स्पॅमअसॅसिन फक्त शिक्का मारतो, उचलून दुसऱ्या फोल्डरमधे टाकायचं काम सर्व्हरवरच्या सीव्ह रूलचं किंवा मेल प्रोग्रॅमच्या रूलचं. रूल वरून खाली चालतात, आणि वर कुठेतरी "सब्जेक्टमधे ऑर्डर असेल तर ह्या फोल्डरमधे टाक आणि थांब" असं असेल तर स्पॅमचा रूल येईपर्यंत खेळ संपलेला असतो. स्पॅमचा रूल सगळ्यात वर न्या. एकाच्याच इनबॉक्समधे प्रॉब्लेम असेल आणि बाकीच्यांना नसेल तर नव्वद टक्के त्याने स्वतःचे रूल बनवलेत आणि सगळ्यांसाठीचा सामाईक रूल त्याला लागू होत नाहीये.

बदल केल्यावर

एका वेळी एकच बदल करा, कॉन्फिग बदलली की लिंट (कॉन्फिगमधल्या चुका दाखवणारी तपासणी) चालवा, कारण एका ओळीतली स्पेलिंगची चूक असली तर ती ओळ गपचूप दुर्लक्षित होते आणि तुम्ही म्हणता बदल करून पण काही उपयोग नाही. एका फाईलमधे तारीख, वेळ, काय बदललं एवढं लिहून ठेवा. मग निदान चार दिवस थांबा.

थांबायच्या काळात रोज लॉगमधे दोन आकडे मोजायचे, आत किती मेल आले आणि स्पॅमडीने "क्लीन मेसेज" किंवा "आयडेंटिफाइड स्पॅम" असं म्हणत किती तपासले. तंतोतंत जुळणार नाहीत, एकच मेल तिघांना गेला की मोजणी हलते, पण रोज शंभर दीडशेचा फरक असेल तर अजून एखादं दार उघडं आहे. माझ्याकडे चौथ्या दिवशी फरक सहावर आला, आणि ते सहाही ५०० केबीच्या वरचे निघाले, म्हणून मग साईजची मर्यादा हलवली, ती त्याआधी नाही.

ह्यानंतर पण जे दोनचार येतील ते ४.६, ४.८ वाले असतील, सगळ्या टेस्ट नीट चालूनही काठावर राहिलेले. ते फिल्टरच्याच युजरने एसए-लर्नला द्या आणि रिक्वायर्ड स्कोर ५ वरच राहू द्या.